बेलार्मिनोचं डोकं आणि दोन गावांची एक पंचायत

अदोसिंदा उर्झालची, पण तिचा निम्मा आठवडा ओढ्यापलीकडच्या रिबाल्वात जायचा. काम केस कापण्याचं, धुण्याचं, रंगवण्याचं. नवरा फ्रान्समध्ये इमारतींवर राबता राबता तिकडेच वारला, मुलगी तिकडेच लग्न करून राहिली, आणि ही कात्र्या, रोलर आणि रंगाच्या बाटल्या गाडीत टाकून डोंगरातली ही दोन गावं पालथी घालत राहिली. बायका मान मागे टाकून डोळे मिटत आणि मग काय वाट्टेल ते बोलत. अदोसिंदा ऐकून घेई. सांगायचं असेल तेवढंच सांगे, आणि कधी कधी सांगायचं नसलेलंही, पण अशा बेताने की आळ दुसऱ्यावर जावा.

लिस्बनच्या सरकारने छोट्या गावांच्या पंचायती एकत्र करायचं ठरवलं, तेव्हा उर्झाल आणि रिबाल्वाची मोट बांधली गेली. रिबाल्वा मोठं, म्हणून नावात रिबाल्वा आधी, कचेरीही रिबाल्वात. उर्झालच्या जुन्या पंचायतीच्या दारावर नव्या नावाची पाटी लागली आणि पहिल्याच रविवारी ती नाहीशी झाली. पोलीस येऊन विचारून गेले. अदोसिंदाने त्यांना कॉफी दिली, अंड्याचा केक दिला, आणि पाटी अख्खा उन्हाळा तिच्या खुराड्याचं दार म्हणून उभी राहिली.

रिबाल्वाचा पंचायत-प्रमुख बेलार्मिनो आता दोन्ही गावांचा प्रमुख व्हायला निघाला होता. तो आणि अदोसिंदा एकाच जुन्या पाद्रीबाबांच्या छड्या खाऊन मोठे झालेले. बेलार्मिनोचे केस सत्तरीतही काळेभोर होते. ते कसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नसे. महिन्यातून एकदा तो कात्रीला धार लावून घ्यायच्या निमित्ताने अदोसिंदाच्या मागच्या दाराने आत शिरायचा.

त्याच्याविरुद्ध कोणी उभं राहायचं, यावर उर्झालच्या कॅफेत पुरुषमंडळींचा बराच काथ्याकूट झाला. एकाचे गुडघे दुखत होते, एकाची द्राक्षं तोडायची होती, एकाच्या बायकोचं माहेर रिबाल्वाचं. शेवटी कोणीतरी थट्टेने म्हणालं, अदोसिंदालाच उभी करा, तिचे हात दोन्ही गावांच्या डोक्यांवर फिरलेत. सगळे हसले. अदोसिंदा कॅफेवालीची झुलपं कापत होती. तिने कात्री खाली ठेवली आणि विचारलं, सही कुठे करायची? मग हसू थांबलं, आणि आठवड्याभरात तिचं पॅनेल तयार झालं.

बेलार्मिनोने आपल्या सभेत सांगितलं, पंचायत म्हणजे काही केसांचे रोलर नव्हेत. अदोसिंदाच्या कानावर हे त्याच दुपारी आलं, कारण ते सांगणारी त्याची बायको फेलिझमिनाच तिच्यासमोर डोकं ओलं करून बसली होती.

"अगं, आमच्या ह्यांना जत्रेआधी रंग लावायचाय," फेलिझमिना म्हणाली. "तू काही वात्रटपणा करणार नाहीस ना? गावात म्हणतात, तू त्यांना हिरवं करणार."

"मतांसाठी मी माझा हात बिघडवेन होय?" अदोसिंदा म्हणाली. पण म्हणताना तिला हसू आलं. आवरता आलं असतं, तिने आवरलं नाही.

फेलिझमिनाने घरी जाऊन नवऱ्याला शब्द सांगितले नाहीत, हसू तेवढं सांगितलं. बेलार्मिनोला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्याने बायकोला शहरात पाठवून रंगाचा डबा आणवला, न्हाणीघराचं दार लावून घेतलं, आणि चष्म्याला डाग पडू नयेत म्हणून चष्मा काढून ठेवला. डब्यावरचं बारीक अक्षर त्यामुळे वाचायचं राहिलं.

निवडणुकीआधीच्या रविवारी मारिया माउलीची मिरवणूक निघाली. दोन्ही गावांची जत्रा एकच, ओढ्याकाठच्या चॅपेलमध्ये. पालखीचा पुढचा दांडा परंपरेने पंचायत-प्रमुखाकडे. बेलार्मिनो कानांपर्यंत हॅट ओढून आला. पाद्रीबाबा थांबले. बँड थांबला. माउलीसमोर कोणी हॅट घालून उभं राहत नाही. पाद्रीबाबांनी नुसती भुवई वर केली, आणि बेलार्मिनोने हॅट काढली.

डोकं जांभळ्या वांग्याच्या रंगाचं झालं होतं. उन्हात तर चकाकत होतं.

बँडमधल्या ट्रम्पेटवाल्याला फुटलेलं हसू थेट ट्रम्पेटमधूनच बाहेर पडलं, मग कोणालाच आवरेना. मेणबत्ती धरून चाललेल्या अदोसिंदाने शाल दातात धरली. असं सुख तिला कित्येक वर्षांत लाभलं नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं की लोक बेलार्मिनोकडे पाहून झाल्यावर वळून तिच्याकडे पाहताहेत. उर्झालवाले डोळे मिचकावत होते. रिबाल्वाच्या बायका मात्र आपापल्या केसांना हात लावून बघत होत्या. एकीने तर केसांसाठी घेतलेली शनिवारची वेळ तिथल्या तिथे रद्द केली. अदोसिंदाचं सुख जागीच आटलं. चाळीस वर्षांत तिच्या हातून एक डोकं बिघडलं नव्हतं.

प्रार्थना संपताच तिने बेलार्मिनोची बाही धरली आणि त्याला चॅपेलमागच्या खोलीत ओढलं. गाडीतून बाटल्या आणल्या. पाद्रीबाबा दारात येऊन कुरकुरले, पण पाणी त्यांनीच तापवून दिलं.

"कोणी सांगितला होता हा उद्योग?" बेलार्मिनोची मान भांड्यात दाबत तिने विचारलं.

"तू हिरवं करणार होतीस म्हणे."

"मी हिरवं केलं असतं तर हिरवंच झालं असतं. वांगं नसतं झालं."

बेलार्मिनो भांड्यातल्या भांड्यात हसला आणि साबण नाकात जाऊन ठसकला. वांगी रंग उतरला, पण त्याबरोबर काळाही उतरला. खाली पांढरेशुभ्र केस निघाले, अगदी त्याच्या वडिलांसारखे. तिने ते पुसून कोरडे केले.

"आता बाहेर जाऊन सांग," ती म्हणाली. "नाहीतर माझा धंदा बसला."

"सांगितलं तर माझी निवडणूक बसेल."

"ते तू बघ."

तो बाहेर गेला, चॅपेलच्या पायरीवर उभा राहिला आणि ओरडून म्हणाला, "ते माझ्या हातचं होतं. हिने नीट केलं." एवढंच बोलून तो तळलेल्या माशांच्या ठेल्याकडे निघून गेला.

निवडणूक बसलीच. लोक पुढे म्हणत, घात फेलिझमिनाने केला. पाव घ्यायला जमलेल्या बायकांत ती बोलून गेली होती की ज्याला डब्यावरचं वाचता येत नाही, तो पंचायतीचे कागद काय वाचणार. तिने मत कोणाला दिलं हे तिने सांगितलं नाही, पण रिबाल्वाच्या पेट्यांतून अदोसिंदाची मतं निघत राहिली. निकाल लागला तेव्हा उर्झालमध्ये फटाके वाजले, आणि अदोसिंदा स्वयंपाकघरात बसून मुलीला फ्रान्सला फोन करत होती, की आता मी काय करू. तिला बेलार्मिनोला पाडायचं होतं, खुर्चीवर बसायचं नव्हतं.

बसली ती दोनदा निवडून येऊन. सभा आलटून पालटून दोन्ही गावांत घेतल्या. ओढ्यावरचा पूल रुंद केला. खुराड्याची पाटी परत केली नाही, त्याऐवजी दोन नव्या करवल्या: रिबाल्वाच्या वेशीवर रिबाल्वा आधी, उर्झालच्या वेशीवर उर्झाल आधी. वरून विचारणा झाली, तिने उत्तर दिलं नाही. बेलार्मिनो विरोधी बाकावर पांढऱ्या डोक्याने बसायचा आणि प्रत्येक ठरावाला नाही म्हणायचा, पुलाच्या ठरावालासुद्धा, आणि मग पूल बांधताना तिथेच दिवसभर उभा राहून गवंड्यांना सूचना द्यायचा.

बऱ्याच वर्षांनी सरकारचं मन फिरलं. हव्या असतील तर पंचायती पुन्हा वेगळ्या करा, म्हणाले. रिबाल्वाच्या बंद पडलेल्या शाळेत दोन्ही गावं जमली. अदोसिंदा केव्हाच निवृत्त होऊन मागच्या बाकावर बसली होती. वेगळं व्हायचं का, विचारल्यावर सगळे हात वर गेले. रिबाल्वाचा प्रमुख कोण होणार, विचारल्यावर सगळे खाली आले. उर्झालचं विचारलं तर तसंच.

शेवटी काठी टेकत बेलार्मिनो उठला. "आमच्याकडे अदोसिंदालाच करा," तो म्हणाला. "तिला सवय आहे."

उर्झालवाले म्हणाले, मग आमच्याकडेही तिलाच.

"म्हणजे मी ओढ्याच्या अलीकडे एक ठराव करू आणि पलीकडे जाऊन त्याला विरोध करू?" अदोसिंदाने विचारलं.

लोकांनी खरंच थोडा विचार केला. मग कोणीतरी भाजलेल्या चेस्टनटची टोपली फिरवली, गोड वाइन आली, आणि वेगळं होण्याचा अर्ज काही त्या दिवशी लिहिला गेला नाही.