बागेतली सहज भेट

मला चौथ्यांदा दाखवायचं ठरलं तेव्हा मामा म्हणाला, या वेळी घरी नको.

घरी तीन वेळा होऊन गेलं होतं. आमचं गाव चोपड्याच्या अलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला. दारात परकी जीप थांबली की अर्ध्या गल्लीला कळायचं, आणि आठ दिवसांनी नकार आला की उरलेल्या अर्ध्या गल्लीला. पोहे झाले, खाली मान घालून बसणं झालं, "जरा चालून दाखव बेटा" झालं. पहिल्यांना मी काळी वाटले, दुसऱ्यांना उंच. तिसऱ्यांनी कारणच सांगितलं नाही, आणि मेलं तेच मला जास्त लागलं. मायनं तर देवळात जाणं सोडलं होतं, कारण तिथल्या बायका देवाआधी तिच्याकडे बघायच्या.

त्यात माझं डीएडचं घोंगडं भिजत पडलेलं. बारावीला बरे मार्क होते, नंबर लागेल असं सगळे म्हणत होते. पण आबांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, एकच पालुपद: आधी ठरू दे, मग सासरच्यांना विचारून काय ते कर. म्हणजे मी शिकायचं की नाही, हे अजून न सापडलेल्या माणसांच्या हातात! जून तोंडावर आला होता. या चौथ्या मंडळींनी हो म्हणावं आणि माझ्या शिकण्यालाही हो म्हणावं, एवढंच मला हवं होतं. एवढंच म्हणते खरी, पण त्या दिवसांत दुसरं काही डोक्यात नसायचं.

मामा कल्याणला असायचा. त्याचं पत्र आलं. धुळ्याचं स्थळ आहे, मुलगा सरकारी नोकरीत आहे, चष्मा आहे, बाकी नाव ठेवायला जागा नाही. आईबाप, मुलगा आणि धाकटी बहीण असे चौघं मे महिन्यात मुंबईकडे येणार आहेत. तुम्ही पण सुट्टीला माझ्याकडे या. इकडे मुंबईबाहेर नवीन मोठी बाग झाली आहे, आकाशाला टेकणारे पाळणे, पाण्यातल्या होड्या, भुताचा बंगला. दोन्हीकडची माणसं तिथे फिरायला जातील आणि सकाळी दहाला फाटकाशी सहज भेटतील. जमलं तर जमलं. नाही जमलं, तर कोणी कोणाला बघितलंच नाही, मग नकार कुठून येणार?

आबा खूश झाले. नव्वदच्या आसपासची गोष्ट, तेव्हा आमच्या गावात असली युक्ती कोणी केली नव्हती.

कल्याणला पोचल्यावर मामानं आम्हाला समोर बसवून नियम सांगितले. आडनाव विचारायचं नाही. कूळ, मूळगाव, सोयरे, कोण कोणाचं काय लागतं, काही म्हणजे काही नाही. "ते सगळं मी बघून घेतलंय. तुम्ही विचारायला लागलात की झालाच बघायचा कार्यक्रम." तो स्वतः येणार नव्हता, कारण मध्यस्थ हजर म्हटल्यावर भेट सहज कशी राहील?

"मंग वळखानं कसं?" आबांनी विचारलं.

"आपली भाषा ऐकली की ओळखाल. तिथे कोण येतंय आपल्याकडचं?"

दुसऱ्या दिवशी बसमध्ये आबांनी आश्चर्याची तालीम केली. "अरे वा! तुम्ही पण फिराले उनात का?" म्हणजे तुम्हीही फिरायला आलात का, हे वाक्य ते खिडकीकडे तोंड करून म्हणत होते. मायनं सांगितलं, इतके डोळे फाडू नका, समोरच्याला वाटेल झटका आला. मी आंबा रंगाचा नवा ड्रेस घातला होता आणि तो सारखा नीट करत होते. घरी निदान माहीत असतं, पोहे कधी न्यायचे, कधी उठायचं. इथे सहज वागायचं होतं. सहज कसं वागतात हे मला कोणी शिकवलंच नव्हतं.

फाटकाशी ही गर्दी! शहरातली पोरं, पोरी, गॉगल, टोप्या. आम्ही तिघं भांबावून एका कडेला उभे. दहा वाजले, सव्वादहा झाले. आबांचं डोकं पंख्यासारखं इकडून तिकडे फिरत होतं. आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "बठ्ठा उनात का? आठेच उभा ऱ्हा, मी तिकिटं काढस."

सगळे आलात का, इथेच थांबा, मी तिकिटं काढतो: आमचीच बोली! आम्ही तिघंही गर्रकन वळलो. आईबाप. चष्मेवाला मुलगा. चौदापंधरा वर्षांची मुलगी.

"हाऊच शे," म्हणजे हाच तो, असं आबा पुटपुटले, आणि सरळ त्या गृहस्थांपुढे जाऊन उभे राहिले. "अरे वा! तुम्ही पण फिराले उनात का?"

तो माणूस दचकला. पण परक्या मुलखात आपली बोली ऐकली की आमच्याकडचा माणूस विरघळतोच. "हा ना भाऊ! तुम्ही कोठला?"

"आम्ही चोपडाकडला."

"आम्ही धुयाना."

धुळे म्हटल्यावर आबांनी त्यांना एक डोळा मिचकावला. आपल्याला सगळं ठाऊक आहे आणि आपण काही बोलणार नाही, असा त्याचा अर्थ. ते गृहस्थ जरा गोंधळले, मग त्यांनीही हसून मान हलवली. झालं! मायचा जीव भांड्यात पडला. मी मुलाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. बरा होता. बरा कसला, चांगलाच होता.

आत गेल्यावर आम्ही सात जण एकत्रच फिरलो. दोघी आया बाकावर बसल्या की लगेच ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, यांची देवाणघेवाण. माझी मात्र पंचाईत. पाळण्यात बसल्यावर ओरडले तर तो दोष धरतात का? नाही ओरडले तर पोरगी घुमी आहे म्हणतात का? गोल फिरणाऱ्या बशीतून उतरले तेव्हा सगळी बागच माझ्याभोवती फिरत होती. मी धडपडले आणि त्या मुलाच्या आईनं मला धरलं. माझ्या डोक्यात आलं, गेलं, चालून दाखवण्यात नापास. पण त्या बाई हसत म्हणाल्या, "माय वं, माले तं बसल्या बसल्याच गरगरस!" काय समजायचं यातून? मी उगाचच हसले.

भुताच्या बंगल्यात आबा एका हाडांच्या सापळ्यावर आपली नेहमीची काठी उगारायला गेले, ती बंगलेवाल्यानं बाहेर ठेवून घेतली होती हे त्यांच्या लक्षातच नव्हतं, त्यामुळे नुसताच हात उगारला. बाहेर आल्यावर त्या मुलाची बहीण हसून हसून खाली बसली. मलाही आवरेना. तीन बघण्यांत मिळून मी तेवढी हसले नसेन.

मग पाण्यातली होडी. ती उंचावरून घसरत खाली येते आणि सगळ्यांना भिजवते. तिची रांग मात्र लोखंडी कठड्यांमधून अशी वळणं घेत गेलेली की एकच माणूस चार वेळा समोर येतो. मी, त्याची बहीण आणि तो असे तिघंच रांगेत होतो. आया सावलीत, आबा आणि ते गृहस्थ कापसाच्या भावावर घसरलेले. बहीण थोड्या वेळानं पुढे वाकून होड्या मोजायला लागली. मला वाटलं, मुद्दाम पाठवली असणार. आता तो विचारणार, स्वयंपाक येतो का, भरतकाम येतं का.

त्यानं काहीच विचारलं नाही. ऊन फार आहे म्हणाला.

कुठून बळ आलं देव जाणे, मीच तोंड उघडलं. "नोकरी करणारी बायको तुम्हाला चालेल का?"

तो लालच झाला. चष्मा काढून पुसला. "चालेल काय, पाहिजेच," म्हणाला.

"आणि शाळेतली असली तर?"

"शाळेतलीच बरी. सुट्ट्या असतात."

"तुमच्या आईला?"

"आईनंच तर सांगितलं, शिकलेली आण. ती स्वतः चौथीत शाळेतून निघाली, अजून बोलून दाखवते."

मी कठडा घट्ट धरला. मग म्हटलं आता मागे काही ठेवायचं नाही. डीएडचं सांगितलं, मार्क सांगितले, आबा काय म्हणतात तेही सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. "फॉर्म भरा तुम्ही," म्हणाला. "तुमच्या वडलांशी मी बोलू का?"

तुमच्या वडलांशी मी बोलू का! याहून सरळ कोणी काय बोलणार? होडी वरून सुटली तेव्हा मी अशी किंचाळले की खालच्या आबांनी टोपी सांभाळत वर बघितलं. दोष धरायचा तर धरा म्हटलं. चिंब भिजले, आणि इतक्या आनंदात होते की मला स्वतःचीच लाज वाटली.

चारच्या सुमाराला सगळे फाटकाशी आलो. मायनं पिशवीतून नारळ आणि खण काढला. लागला तर असावा म्हणून आणलेला, आता तिला राहवेना. नियम मोडत होती, पण आबांनीच पिशवी धरून तिला मदत केली. तिनं तिथेच फाटकाच्या कडेला त्या बाईंची ओटी भरली. बाई अगदी ओशाळल्या. "इतली माया कोन लावस आजकाल!" म्हणाल्या, डोळे पुसले, आणि आपली कापडी पिशवी उघडून त्यांनी एक पत्रिका काढली. तिच्या कोपऱ्याला हळदीकुंकू लावलेलं होतं.

"आमना आंडोरनं लगीन शे," त्या म्हणाल्या. आंडोर म्हणजे मुलगा. "मुंबईना पाव्हनासले पत्रिका वाटाले उनूत, म्हटलं पोरसले बाग बी दखाडू. लगीनले बठ्ठासनी येवानं बरं!"

मायनं पत्रिका घेतली. तिच्या हातून मी घेतली. आता सांगायला हरकत नाही, वेडीसारखी मी त्या पत्रिकेत माझंच नाव शोधलं. इतक्या लवकर छापून कशी आली, असासुद्धा विचार मनात येऊन गेला. तिथे दुसऱ्याच मुलीचं नाव होतं. ती शिक्षिका आहे, हे त्याच्या बहिणीनं कौतुकानं सांगितलं, म्हणजे मला विचारावं लागलं नाही. तो माझ्याकडे बघून ओळखीचं हसला. त्याचं काय चुकलं होतं? काहीच नाही. आबा मात्र त्या गृहस्थांचा हात हातात धरून तसेच उभे होते, सोडायचा असतो हेच विसरलेले.

मामा संध्याकाळी कामावरून आला तो तणतणतच. आमची खरी पाहुणे मंडळी वेळेवर आली होती. फाटकाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. मामानं त्यांना खुणा सांगून ठेवल्या होत्या; त्यांनी आंबा रंगाचा ड्रेस ओळखला, आबांची टोपी ओळखली, आणि आम्हाला एका कुटुंबाशी गळ्यात गळे घालून आत जाताना बघितलं. सहज भेटायचं ठरलेलं, हाक कशी मारणार? दुपारपर्यंत मागे मागे फिरली बिचारी. मग मुलगी परक्या मुलाबरोबर होडीत खिदळताना दिसली. "आधीच ठरलंय तर आम्हाला कशाला बोलावलं?" एवढं मामाला फोनवर ऐकवून ती निघून गेली.

मामा आबांना खूप बोलला. एक आडनाव विचारता आलं नाही? आबा म्हणाले, तूच नको सांगितलं होतं. मी स्वयंपाकघरात भांडी घासत बसले. मला खऱ्या मुलाचं काडीचंही वाईट वाटत नव्हतं, तो कसा दिसतो हेही मला माहीत नव्हतं. वाईट वाटत होतं ते होडीतल्या मुलाचं, जो मला बघायला आलाच नव्हता, आणि हे कोणाला सांगायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. जळगाव येईपर्यंत आबा टोपी डोळ्यांवर ओढून बसले होते. मला वाटलं, पोरगी हसली हाच दोष माझ्या माथी येणार. चोपड्याच्या एसटीत माय खिडकीशी झोपी गेली. तापीचा पूल ओलांडल्यावर आबा माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "तुले तो आवडना व्हता का?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "कोण?"

"तोच. होडीमजारला."

तीन बैठका झाल्या होत्या, आणि त्या उठल्यावर घरात एकच चौकशी असायची, त्यांना पोरगी कशी वाटली. मला कोणी काही विचारलं नव्हतं. मलाही ते कधी सुचलं नव्हतं. आणि आता विचारलं, तेही कोणाबद्दल!

"हो," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. भर एसटीत, लोकांदेखत, हुंदके देऊन रडले.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. जन्मात त्यांना चूक कबूल करताना कोणी ऐकलं नव्हतं. "चुकनं आपलं," ते म्हणाले. "पयले तुलेच इचाराले पायजे व्हतं." मग बाहेर केळीच्या बागा संपून स्टँड यायच्या आत त्यांनी विचारलं, तो डीएडचा फॉर्म कुठे मिळतो.