कॅरम न येणारा कॅरम क्लब

"यात दुःख कुठे आहे?" मॅडमनी ट्रान्सक्रिप्ट परत दिलं.

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे मुलाखत ऐकून शब्दन् शब्द लिहून काढणं; नावांच्या जागी फक्त क्रमांक. एम.ए. करता करता मी मॅडमच्या एका संशोधन प्रकल्पात हे काम करतो. आमच्या घरात टेबलखुर्चीवर बसून काम करणारा मी पहिलाच, त्यामुळे सांगतील ते करतो. विषय होता, जुन्या नागपुरातल्या समलिंगी पुरुषांचं सामाजिक जीवन. अहवालाचं पुढे पुस्तक निघणार होतं. मॅडमना अश्रू हवे होते. मधुकरकाकांनी कॅरम सांगितला होता.

काका हिंगण्याला एका कारखान्यात फिटर होते. त्यांना धरून त्यांच्यासारखे तिथे सहा जण. भेटायला जागा नाही, म्हणून त्यांनी वेल्फेअर ऑफिसरकडे अर्ज करून कॅरम क्लब काढला. खोलीची किल्ली मिळाली. शिफ्ट बदलून घेत सगळे एकाच पाळीत आले. साहेब इतके खूश झाले की त्यांनी बुटीबोरीच्या एका कंपनीशी सामनाच ठरवला.

"एकालेही खेळता येत नव्हतं गा," काका म्हणाले होते. "सारे हरलो. साहेबानं शिस्तीचा कप देल्ला."

"पुन्हा जा," मॅडम म्हणाल्या. "एकटेपणा विचार."

गेलो. चाचरत विचारलं.

"सहा जण होतो. एकांत भेटत नव्हता, तं एकटेपणा कुठचा?" काका हसले. मग म्हणाले, "वामन गेला तवा वाटलं."

वामन म्हणजे त्यांचे जोडीदार. दोघं एकतीस वर्षं नागपूरच्या महाल भागात एका खोलीत राहिले.

"त्याच्या घरच्यायनं तेरवीले मले मागच्या रांगेत बसवलं. कंपनीतला दोस्त म्हणून. तुमच्या पुस्तकात तरी दोघायचं नाव एका ओळीत येऊ दे."

मला संमतीचा फॉर्म पुढे करावा लागला. त्यात नियम आहे: मुलाखतीतलं प्रत्येक नाव बदलायचं, तुमच्याच सुरक्षिततेसाठी.

काकांनी चष्मा लावून तो सगळा वाचला. "आधी आम्ही लपवत होतो. आता तुम्ही सही घेऊन लपवून राहिले. सुधारणा आहे."

मी पेन पुढे केलं.

"नवं नाव कोण ठेवते?"

"तुम्हीच सांगायचं, काका."

"मंग माह्यं वामन लिही. अन् त्याचं मधुकर."

मॅडमनी अहवाल चाळला. "नावं बदललीस ना?"

"हो मॅडम. एकूण एक."

"छान. वामन, मधुकर. त्या पिढीची वाटतात."

छापील प्रत काकांना नेऊन दिली. त्यांनी दोन्ही नावं असलेली ओळ शोधली, तिच्यावर बोट ठेवलं आणि पुस्तक मिटून कॅरमच्या कपाशेजारी ठेवलं.

या कामातून मी एवढंच शिकलो, की फॉर्म आपण भरून घेतो, पण वाचतो समोरचाच. आणि हो, नियमाप्रमाणे या लेखातलीही नावं बदलली आहेत. काकांना विचारूनच.