आत्याचा आग्रह आणि माझा पोकर

पोकरचा पहिला नियम असा की बहुतेक डाव खेळायचेच नसतात. हातात आलेले दोन पत्ते बघायचे, बरे नसले तर मुकाट्याने टाकून द्यायचे. हे मी महिनाभर फोनवर व्हिडिओ बघून शिकलो होतो. कोणते पत्ते ठेवायचे, कोणते टाकायचे याचा तक्ताही कर्जतच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला होता. समोर माझी आत्या बसली तर काय करायचं, एवढं मात्र त्यात नव्हतं.

आत्या कशेळ्यात एकटी राहते. यंदा तिचा गुडघा धरला आणि डॉक्टरांनी बजावलं, पावसाळाभर एकटं राहायचं नाही. लगेच आमचं भांडण जुंपलं. खोपोलीचा दादा म्हणाला, मी थोरला, ती माझ्याकडे येणार. मी म्हटलं, दहिवलीला दवाखाना माझ्या दारात आहे. दवाखाना हे निमित्त. आई गेल्यावर आत्यानेच आम्हाला वाढवलं, आणि आता पन्नाशी उलटल्यावर मला "अरं, जेवलास का?" विचारणारं तेवढंच माणूस उरलंय. मला ती घरात हवी होती.

रविवारी दुपारी तिच्याच ओटीवर दादा वैतागून म्हणाला, "पत्त्यांवर ठरवू." मी तत्परतेने पोकर सुचवला. पैशांऐवजी लावायला आत्याने चिंचोक्यांचा डबा आणला.

"मला पण शिकव," ती म्हणाली. "मी जिंकले तं मी कुठंच जायची नाय."

शिकवलं. दोन पत्ते हातात, पाच मध्ये उघडे, ज्याची जुळणी भारी तो जिंकला. पहिल्याच डावात मी तक्त्याप्रमाणे पत्ते टाकले. वाटणारी आत्या होती. तिचा चेहरा पडला.

"का रं? मी वाटलेले आवडले नाय?"

"तसं नाही गं, नियम आहे."

"कसला नियम? आत्ता तं बसलास. अजून एक पत्ता बघ, माझ्यासाठी."

तिच्या घरी कोणी अर्धपोटी उठलेलं नाही, तसंच कोणी डावातूनही उठेना. दादाला तर तिला नाही म्हणताच येत नाही. ती म्हणेल तेवढे चिंचोके लावत लावत तो तासाभरात धुऊन निघाला आणि चहा टाकायला आत गेला. मी तक्ता खिशात घातला.

माझे चिंचोके मूठभर उरले, तिच्यापुढे ढीग. मधल्या पाच पत्त्यांत दोन राण्या, नव्वी, राजा आणि चव्वी. माझ्या हातात सत्ती आणि दुर्री, म्हणजे काहीच नाही. हातात काही नसताना मोठा डाव लावून समोरच्याला पत्ते टाकायला लावायचं, ही पोकरची थाप; पण पत्ते कधीही न टाकणाऱ्याला ती मारायची नाही, हा दुसरा नियम. मी सगळे चिंचोके पुढे सारले आणि आतल्या दादाला ओरडून पाणी मागितलं.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मग दिवसभरात पहिल्यांदाच पत्ते पालथे ठेवले. "मी नाय बाबा. जिंकलास तू. पुरे आता."

मी आनंदाने पत्ते गोळा करायला लागलो, तर तिच्या पालथ्या पत्त्यांत राणी आणि नव्वी! मधले धरून तीन राण्या, दोन नव्व्या. मला तिने सहज चिरडलं असतं.

"आत्या, हे काय? तुला कळलं नाही का?"

"समदं कळलं. खोटं बोललास का तुला तहान लागते. शाळेत होतास तवापासून."

"मग टाकलेस का?"

ती चिंचोके डब्यात भरायला लागली.

"सकाळपासून भांडताय माझ्यापायी. पण 'आत्या, चल' असं मला कोणी म्हटलं का?"

पाण्याचा तांब्या घेऊन दादा दारातच थांबला. माझ्या घशाला आता खरोखर कोरड पडली होती.

"आत्या, चल ना गं माझ्याकडे."

"नको रं, तुमाला कशाला त्रास."

"त्रास कसला? चल."

"नको. हितं बरी हाय मी."

"आत्या, माझ्यासाठी."

त्यावर ती गुडघ्यावर हात टेकत उठली आणि दाराआडून पिशवी घेऊन आली. पिशवी सकाळीच भरून ठेवलेली होती.