सैतानाचा सिनेमा आणि माझ्या गाडीपुढचा नारळ

काय फजिती झाली म्हणून सांगू! पण एक अट आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी काही मान खाली घालून सांगणार नाही. चूक माझी होती, मान्य. पण सिनेमा चांगलाच होता, हे मी आजही छातीठोकपणे म्हणतो!

तर आमच्या चिखलीत आम्ही आठ-दहा जण दर रविवारी दुपारी वाचनालयाच्या खोलीत जुने सिनेमे बघतो. आळीपाळीनं एकेकानं सिनेमा निवडायचा. संपला की चहा, आणि चहाबरोबर अभिप्राय. तो वहीत लिहून खाली सही करायची. लागोपाठ तीन सिनेमे पडले की त्या माणसाची निवड कायमची बंद. माझे दोन पडले होते. एकात काही घडतच नव्हतं, आणि दुसऱ्यात प्रोजेक्टर बिघडला, तर तोही माझ्याच नावावर लिहिला बरं का!

म्हणून तिसऱ्यांदा मी हुकमी पान काढलं. साठेक वर्षांपूर्वीचा, इंग्लंडातला सैतानाचा सिनेमा. सुटाबुटातले साहेब सैतानाची पूजा करतायत, बाहेर धुकं, आणि जमिनीवर मिठाचं रिंगण. रिंगणाच्या आत आहात तोवर सैतान हात लावत नाही. पाय बाहेर पडला की संपलं! मी बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतो, भुतंखेतं मानत नाही. पण कला ती कला.

सिनेमा संपला, दिवे लागले. वळून बघतो तर एकाच्याही कपाळावर घाम नाही!

आधी बोलले पाठक काका. ते पौरोहित्य करतात, त्यामुळे सैतानाच्या पूजेकडेही धंद्याच्या नजरेनं बघत होते.

"सर, याले पूजा म्हणता का? ना संकल्प, ना नैवेद्य. मंत्र बी कागदावर पाहून म्हणून राह्यला तो. असा कोणी येत असते का? सैतानाले काही मानपान हाय का नाही?"

"काका, ती वाईट लोकांची पूजा आहे!"

"वाईट असो. विधी तं नीट पाह्यजे ना!"

मग सुशीलाताई. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. "नुसतं मीठ टाकलं त्याहीनं. मिरच्या कुठं हायेत? मोहरी कुठं हाय? असं अर्धवट केल्यावर दृष्ट निघते का? अन् सैतानानं धरलेल्या त्या पोरीले साधा ताप होता. एवढ्या मोठ्या घरात एक थर्मामीटर नाही!"

कापसाचे अडते भास्करराव म्हणाले, "येवढा बंगला अन् कामाले एकच म्हातारा. झाडझूड कोण करत असंल? मी तं पूर्ण वेळ तेच पाहून राह्यलो होतो."

सगळे खो-खो हसले. भयपटाला! माझं डोकंच सणकलं. "घाबरायचं कसं, ते पण आता मीच शिकवू का तुम्हाला?"

"बरं, सर," पाठक काका म्हणाले, "एक तरी माणूस भेला असंल तं त्यानं वहीत लिहावं. सिनेमा पास. नाही तं तुमची निवड बंद."

वही फिरली आणि कोरीच परत आली.

"तुम्ही सोता भेले का, सर?" काकांनी विचारलं.

"मी? मी विज्ञानाचा मास्तर आहे!"

झालं! स्वतःच्याच तोंडानं स्वतःचा सिनेमा पाडला.

हातात चहाचा कप तसाच घेऊन मी चडफडत बाहेर आलो. मागून सगळी मंडळी. कडुनिंबाखाली माझी नवी बॅटरीवाली स्कूटर उभी होती, आदल्याच दिवशी घेतलेली. आणि तिच्यापुढे काय? कागदावर तांदळाची रास, नारळ, दोन लिंबं, हळदकुंकू. आणि गाडीभोवती पांढऱ्या रांगोळीचं गोल रिंगण!

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तुम्हीच सांगा, तुमच्या नसता पडला?

"उतारा!" मी ओरडलो. "कोणीतरी भ्यालं! इतकं भ्यालं, की मध्यंतरात बाहेर येऊन सैतान माझ्या गाडीवर उतरवून गेलं! सिनेमा पास!"

पाठक काकांना एकदम खोकला आला. "सर, त्याले हात नका लावू."

"काऊन नको?" संताप आला की माझी पण भाषा घरची होते. "तुम्हीच ठेवला काय?"

"मले काही विचारू नका. मी वचन देल्लं हाय."

वचन! म्हणजे काकाच भ्याले होते तर! मग मी कशाला थांबतो? नारळ उचलला, पायरीवर फोडला, पाणी प्यालो, खोबरं दातानं तोडून सगळ्यांसमोर खाल्लं. "कुठाय तुमचा सैतान? बोलवा त्याले!" एक लिंबू हातातल्या चहात पिळलं. चहा दुधाचा होता. फाटला. तरी प्यालो! तत्त्वाचा प्रश्न होता.

तेवढ्यात माझी बायको, उज्ज्वला, हातात काडेपेटी घेऊन लगबगीनं आली.

"अहो! हे काय करून राह्यले? तो गाडीच्या पूजेचा नारळ होता!"

आता तुम्हाला आतली गोष्ट सांगतो. मी घरात ठणकावून सांगितलं होतं, गाडीची पूजा होणार नाही, चाकाखाली लिंबं चिरडायची नाहीत. म्हणून तिनं काकांना गाठलं. सर अभिप्रायावरून भांडत बसतील तेवढ्यात पूजा उरकून टाका, आणि त्यांना सांगायचं नाही, असं वचन घेतलं. सिनेमा चालू असताना तिनं मांडामांड केली, पण काडेपेटी घरी राहिली, म्हणून ती आणायला गेली, आणि काका आत तिच्या निरोपाची वाट बघत बसले.

उरलेलं खोबरं खिशात टाकलं. पण मी हार मानतो होय? "पूजा नाही झाली तर नाही! गाडी विजेवर चालते, लिंबावर नाही!"

रांगोळी ओलांडून आत शिरलो, गाडीवर बसलो, किल्ली फिरवली, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. ढिम्म!

सगळे पुढे सरकून बघायला लागले.

"आता बोला," सुशीलाताई म्हणाल्या.

मी उतरलो. बाहेर यायला पाय उचलला, खाली पांढरी रेघ दिसली, आणि खरं सांगतो, पाय पुढे पडेना! घाम फुटला. बावीस वर्षं विज्ञान शिकवणारा माणूस रांगोळीच्या आत एका पायावर उभा!

"सर, बाहेर या ना."

"येतो. जरा थांबा."

"काऊन थांबा?"

उज्ज्वलानं माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. आत आली आणि पायानं साइड स्टँड वर केलं. "शोरूमवाल्यानं तीनदा सांगतलं, स्टँड खाली असलं तं हे गाडी चालत नाही." बटण दाबलं. गाडी चालू!

पाठक काकांनी वही माझ्यासमोर धरली. वर पेन.

सही केली असती तर सिनेमा वाचत होता, आणि नसती केली तर मास्तर. काय केलं असतं तुम्ही? मी लिहिलं. 'सिनेमा भयंकर आहे. मी भ्यालो.' खाली पूर्ण नावानिशी सही. हो, लिहिलं! आणि पुढचा सिनेमा मीच निवडणार, कोण अडवतं बघू!

एवढं ठणकावून मी वही मिटली. मग काकांना जरा बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "काका, एक लिंबू उरलंय. पुढच्या चाकाखाली ठेवू की मागच्या?"