दहा शून्यं

मनाचे प्रश्न सोडवणारी बाई म्हटलं की लोकांना एक ठरावीक माणूस हवं असतं. आवाज हळू, कपडे फिके, मान सारखी हलणारी, आणि दर दोन वाक्यांनी "मी समजू शकते". आमच्या दवाखान्यातली मानसतज्ज्ञ यातली एकही अट पुरी करत नव्हती. ती तळमजल्यावर बोलली की दुसऱ्या मजल्यावर कळायचं. दारं आपटायची, कागद टेबलावर थापायची, आणि राग तर कायम नाकाच्या शेंड्यावर. पाठीमागे आम्ही तिला ठिणगी म्हणायचो. तिला ते माहीत होतं, आणि मला वाटतं, थोडं आवडतही होतं.

मी त्याच दवाखान्यात बाळांची वजनं घेते आणि लसी टोचते. सव्वीस वर्षं झाली. रागाच्या बाबतीत मीही काही कमी नाही, म्हणून आमचं जमलं.

तिला दिलेली खोली आधी मोडक्या चाकाच्या खुर्च्या ठेवायची होती. आठ महिने अर्ज केल्यावर खुर्च्या हलल्या, तरी एक राहिलीच. मुलं तिच्यात बसून गाडी गाडी खेळायची. दार पुरतं लागायचं नाही. आतलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून तिने घरून जुनी रजई आणली आणि दारावर खिळ्यांनी ठोकली. शस्त्रक्रियेच्या खोलीत नवीन दिवे बसले तेव्हा फोटोवाला आला, मोठे डॉक्टर दिव्याखाली उभे राहिले. रजईकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. माझी त्या दिवशी तळपायाची आग मस्तकात गेली होती, ती मात्र म्हणाली, "जाऊ दे गं, रजई चांगली आहे."

मुलांवर ती कधीच चिडायची नाही. सगळा राग मोठ्यांसाठी राखून ठेवलेला. एकदा एक गृहस्थ सात वर्षांच्या मुलाला दंडाला धरून घेऊन आले. "हा कुणाचंच ऐकत नाही. याला जरा सरळ करा." ठिणगीने मुलाला ठोकळे दिले आणि बापाला समोर बसवलं. "तुम्ही याचं शेवटचं कधी ऐकलंत?" बाप म्हणाला, "म्हणजे?" ती म्हणाली, "सापडलं. चला, तुमच्यापासून सुरुवात करू." हे गृहस्थ पुन्हा फिरकत नाहीत असं आम्ही पैजेवर सांगत होतो. ते आले. पुढे चार महिने येत राहिले.

तिचं खरं काम मात्र बाळंतिणींचं. बाळ महिन्याचं झालं की तपासणीला आणतात, तेव्हा आईला दहा प्रश्नांचा एक कागद देतात. गेल्या आठवड्यात हसू आलं का, विनाकारण भीती वाटली का, झोप लागते का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं का. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. गुण जितके जास्त तितकी काळजी जास्त. कागद चांगला आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. माझा राग तो कागद कुणाच्या हातात पडतो यावर आहे.

त्या सकाळी एक कुटुंब आलं. चार आठवड्यांचा मुलगा, त्याची आई, बाप, आजी, आत्या आणि पाच वर्षांची मोठी बहीण. सगळे बाळाभोवती. बाई भिंतीकडच्या बाकावर, टोकाला. नवरा सभ्य होता, मुद्दाम सांगते. आरडाओरडा नाही, दारू नाही, रांगेत सगळ्यांना "आधी तुम्ही" म्हणणारा. कागद मिळाल्यावर त्याने खिशातलं पेन काढलं, गुडघ्यावर फाईल ठेवली आणि सुरेख गोल अक्षरात दहाही उत्तरं भरली. मी म्हटलं, "अहो, हे त्यांनी भरायचं असतं." तो हसून म्हणाला, "एकच आहे हो सिस्टर."

ठिणगीने कागद बघितला. दहा शून्यं. ती माझ्याकडे आली आणि कागद नाचवत म्हणाली, "महिन्याचं बाळ घरात, आणि हिला झोपेची अडचण नाही? भीती नाही, रडू नाही? अगं, माझं बाळ आता कॉलेजात जातं, मला अजून शून्य येत नाही!"

तेवढ्यात मोठी बहीण कंटाळली म्हणून ठिणगीच्या खोलीत शिरली होती. ठिणगी जमिनीवर तिच्याशेजारी बसली. मुलीने बाहुली एका खोक्यात ठेवली, खोक्याचं झाकण लावलं आणि तोंडाने आवाज काढायला लागली. स्सss.

"हे काय वाजतंय?"

"नळ."

"बाहुली अंघोळ करतेय का?"

"नाही. रडतेय. नळ सोडला की ऐकू येत नाही. आई तसंच करते."

"आणि बाबा काय करतात?"

"बाबा बाहेरून सांगतात, पाणी किती वाया घालवतेस."

ठिणगी बाहेर आली ती तोंड घट्ट मिटून. ती ओरडत नसली की मला जास्त भीती वाटते. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मला त्या बाईबरोबर एकटीला दहा मिनिटं हवीत. कशी देतेस ते तू बघ."

ते मला जमण्यासारखं होतं. वजनाची खोली जिन्यापलीकडे, दुसऱ्या टोकाला आहे. सव्वीस वर्षांत मी एक गोष्ट पाहिली आहे, आणि दर वेळी माझं टाळकं फिरतं: मी बाळ उचललं की अख्खी वरात बाळामागे निघते. आईला "चल" असं कुणी म्हणत नाही. त्या दिवशीही नाही म्हणालं. मी बाळाचं वजन घेतलं, डोकं मोजलं, लांबी मोजली, आजींना शंका विचारा म्हटलं आणि आजींनी विचारल्या, आत्याबाईंनी तर यादीच केली होती. तराजूवरचं कापड मी तीन वेळा बदललं. नवरा घड्याळ बघायला लागला तेव्हा मी त्याला लसीची माहिती अगदी सावकाश वाचून दाखवली.

परत आलो तेव्हा ती बाई रजईच्या दारातून बाहेर येऊन पुन्हा बाकावर बसत होती आणि तिचे डोळे सुजले होते. तिने काय सांगितलं ते ठिणगीने मला नंतर दोन वाक्यांत सांगितलं. बाळाचं आपल्यावाचून जास्त बरं होईल असं तिला रोज वाटत होतं. आणि जिवाचं बरंवाईट कसं करायचं हेही तिने ठरवून ठेवलं होतं.

आई आणि बाळ एकत्र राहतील अशी एक खोली आमच्याकडे आहे. ठिणगीने तिथली खाट राखून ठेवली, मानसोपचाराच्या डॉक्टरांना फोन केला, आणि नवऱ्याला सांगितलं की आज यांना घरी न्यायचं नाही.

मग सुरू झालं. आजी म्हणाल्या, "आम्ही तीन-तीन काढली, आम्हाला नाही कुठे काय झालं." आत्याबाईंचं मत पडलं की वहिनीने फोन कमी बघावा. नवरा शांतच, खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, उद्या लोक हिला वेडी म्हणतील. माझ्या मुलांची आई आहे ती."

"मुलांची आई जिवंत राहावी म्हणूनच सांगतेय!" ठिणगी कडाडली. "कागद तुम्ही भरता, उत्तरं तुम्ही देता, आणि ती आत रडते तेव्हा तुम्हाला पाण्याची काळजी! माणूस आहात की कोण?"

बोलली ते शंभर टक्के खरं होतं. पण त्या आवाजासरशी बाकावरची बाई आक्रसली. पदर नव्हता म्हणून, नाहीतर तोंडच झाकून घेतलं असतं. मोठे डॉक्टर धावत आले. त्यांनी तिला विचारलं, "तुम्हाला काही त्रास आहे का?" सगळं कुटुंब तिच्याकडे बघत होतं.

"मी बरी आहे," ती म्हणाली.

मोठ्या डॉक्टरांनी हात वर केले. "पेशंट स्वतः नाही म्हणतात. आपण काय करणार?" ती दारातून बाहेर पडली की पुन्हा येणार नाही, हे मला आणि ठिणगीला लख्ख दिसत होतं.

नवऱ्याला आता जोर आला. "मुलीच्या वेळीही ही अशीच होती," तो म्हणाला. "वर्षभर. मग झाली आपोआप बरी. तेव्हाही इथेच दाखवलं होतं, तुमच्याच दवाखान्याने लिहून दिलंय, काळजीचं कारण नाही म्हणून. काढा की जुनी फाईल."

"काढच," ठिणगी मला म्हणाली. तिला वाटलं असणार, ज्याने कुणी ते लिहिलं त्याची आता धडगत नाही.

मी खाली जाऊन फाईल शोधली. जिन्यातच उघडली. तोच दहा प्रश्नांचा कागद, तेच गोल अक्षर, दहा शून्यं. खाली शेरा: काळजीचं कारण नाही. त्याखाली सही. ती सही मी रोज बघते. खोटं कशाला बोलू, तो कागद तिथेच चुरगाळून खिशात घालावा असं माझ्या मनात आलं. ठिणगीसाठी मी तेवढं केलं असतं. पण वर सगळे वाट बघत होते.

तिने कागद घेतला, वाचला, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. पाच वर्षांपूर्वी ती नवी होती, एका सकाळी चाळीस-चाळीस कागद हाताखालून जायचे, हे सगळं मला माहीत होतं आणि मी ते बोलायला तोंडही उघडलं. तिने हाताने मला गप्प केलं. आतून मुलांची बुटकी खुर्ची आणली आणि त्या बाईसमोर बसली, इतकी खाली की तिला मान वर करून बघावं लागत होतं.

"ही सही माझी आहे," ती म्हणाली. तिचा इतका हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. "हा कागद तुम्ही भरलेला नव्हता. मी तुम्हाला विचारलंच नाही. तुमचं ते वर्ष माझ्यामुळे गेलं. बाकीच्यांवर मी मघापासून ओरडतेय, पण चूक माझी आहे."

"चूक वगैरे काही नाही मॅडम," नवरा म्हणाला, "तेच तर मी—"

"मला आठवतंय," बाई म्हणाली.

घरच्यांसमोर ती सकाळपासून तीन शब्दांच्या वर बोलली नव्हती.

"मी तुमच्या टेबलासमोर उभी होते. हे बाळाला घेऊन बाहेर गेले होते. मी म्हटलं, आता ह्या वर बघतील. मग सांगू." तिचे ओठ थरथरत होते, पण ते रडू नव्हतं. मी राग ओळखते. "तुम्ही सही केलीत. शिक्का मारलात. आणि खाली बघतच म्हणालात, 'पुढचं.' मी तरी उभी होते. मग पुढची आत आली, तिने मला बाजूला व्हा म्हटलं."

ठिणगीने मान खाली घातली नाही. तिने ते सगळं तोंडावर घेतलं. आजी काहीतरी पुटपुटल्या, आत्याबाईंनी पिशवी उचलली. नवऱ्याने बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "चल, उशीर होतोय."

तिने तो हात काढून बाजूला ठेवला. बघत ती ठिणगीकडेच होती, आणि बोललीही तिलाच, इतक्या मोठ्याने की खालच्या रांगेत लोक थबकले.

"आज तुम्ही 'पुढचं' म्हणालात ना, तरी मी इथून उठणार नाही."