आडनावाचा पत्ता

हे गेल्यावर दोन महिन्यांनी ह्यांच्या संगणकावर एक मेल आला. संकेतस्थळाच्या नावाची मुदत संपत आहे, नूतनीकरण करावे. मी आयुष्यभर ग्रंथपाल होते. आलेल्या पत्राला उत्तर द्यायचंच, ही सवय. ग्राहक हयात नाहीत असं मी कळवलं आणि मृत्यूच्या दाखल्याची साक्षांकित प्रत जोडली. कंपनीने आभार मानले. आठवड्याने तेच स्मरणपत्र, पुन्हा ह्यांच्याच नावाने. मी पुन्हा दाखला पाठवला. असं पाच वेळा झालं.

नूतनीकरण करून टाकावं, हे सुचलं नव्हतं असं नाही. पण वर्षश्राद्ध होईपर्यंत ह्यांच्या टेबलावरचं काही हलवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. सुतक दहा दिवसांचं असतं. कंपनी त्याहून उदार निघाली. मुदत संपल्यावरही तिने महिनाभर वाट पाहिली. मग ते नाव कुणीही घ्यावं असं मोकळं झालं, आणि कुणीतरी ते घेतलं.

हे भूगोलाचे शिक्षक. निवृत्तीनंतर डोंबिवलीच्या आमच्या घरात बसून ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या बुजवलेल्या विहिरी आणि तळी ह्यांनी त्या संकेतस्थळावर नोंदवली. लोक ह्यांना लिहीत. खाडीकाठच्या गावातले एखादे आजोबा नातवाकडून टाइप करून घेत, की आमच्या आळीची विहीर आता अमक्या इमारतीच्या पार्किंगखाली आहे. लिहिलेल्या पानांच्या प्रती माझ्याकडे होत्या. पण पत्रं त्या नावाच्या मेलच्या पत्त्यावर येत, म्हणजे आता ती परक्या माणसाला मिळत होती. मला ती हवी होती.

ते नाव म्हणजे नुसतं आमचं आडनाव. नवा मालक होता त्याच आडनावाचं एक कुलमंडळ. कुलवृत्तान्त छापणारं, गुणवंतांचा सत्कार करणारं. सचिव टिटवाळ्याचे.

ह्यांचा भाचा वर्तकनगरला वकिली करतो. त्याने समजावलं की असे वाद लवादापुढे जातात, आणि तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव आपलं आहे, समोरच्याचा त्यावर हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं आहे.

"मामी, घोळ दुसऱ्या मुद्द्यात आहे. नाव त्यांचंही आहे."

"त्यांचं तर जन्मापासून आहे," मी म्हटलं. "मला लग्नानंतर मिळालं."

"हे लवादापुढे बोलू नका."

उरला वाईट हेतू. कुणाचं वाईट चिंतू नये असं ऐकत वाढलेली मी, रोज सकाळी चहा घेऊन त्या मंडळाचं संकेतस्थळ उघडून बसे आणि हा माणूस दुष्ट निघावा अशी इच्छा करी. वृक्षारोपण सापडलं. हळदीकुंकू सापडलं. शेवटी एका कोपऱ्यात घरगुती उकडीच्या मोदकांची जाहिरात सापडली. भाचा खूश झाला. व्यापारी वापर, म्हणाला. आम्ही नोटीस पाठवली.

उत्तरादाखल सचिवांचा फोन आला. नोटिशीबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. मूळ गाव कोणतं, कुलदैवत कोणतं, सासरे कुणाचे कोण, एवढंच विचारलं. मी सांगत गेले.

"म्हणजे वहिनी, आपण भाऊबंद निघालो. आम्हाला सुतक होतं. कळवायचं नाही का?"

मी क्षमा मागितली. नोटीस मी पाठवली होती आणि क्षमाही मीच मागत होते. उशिरा कळलं तरी अंघोळ करावी लागते, म्हणून त्यांनी फोन ठेवला. अर्ध्या तासाने, अंघोळ करून, पुन्हा केला आणि रविवारी येतो म्हणाले.

आले ते फाइल घेऊन. ह्यांच्या पत्त्यावर आलेलं प्रत्येक पत्र छापून, तारखेने लावून, वर अनुक्रमणिका. ज्याचं त्याला द्यायचं म्हणून ठेवलं होतं, म्हणाले. ग्रंथपालाला अनुक्रमणिकेपुढे वाईट हेतू सिद्ध करता येत नाही. मी तक्रार सोडून दिली. भाच्याला वाईट वाटलं.

तोडगा त्यांनीच सुचवला. नाव मंडळाकडे राहील, ह्यांचा मेलचा पत्ता मला मिळेल, आणि विहिरींना मंडळाच्या जागेत एक पान. फक्त ते सभासदांसाठीच असतं. कुलवृत्तान्ताचा अर्ज काही वर्षांपूर्वी आमच्याकडेही आला होता. पूर्वजांपेक्षा विहिरी उपयोगी, असा शेरा मारून ह्यांनी तो परत धाडला होता. आता सभासद होण्यासाठी मी तोच अर्ज नव्याने भरला. ह्यांच्या नावापुढच्या 'कार्य' या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, तेव्हा सचिवांनी स्वतःच्या अक्षरात 'जलसंधारण' लिहिलं. निवृत्तीनंतर सगळा वेळ बुजलेल्या पाण्याची यादी करणारा माणूस. मी खोडलं नाही.

सचिव निघून गेल्यावर फाइल उघडली. खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातल्या एका बाईंची तीन पत्रं होती. शेवटच्यात विचारलं होतं: सर रागावले का? विहिरीचा फोटो नीट आला नव्हता म्हणून?

ह्यांच्या पत्त्यावरून मी उत्तर लिहिलं. सर गेले, रागावले नव्हते. फोटो चांगला आला आहे. फक्त पायऱ्या कोणत्या बाजूला होत्या, ते तेवढं कळवा.