ओंजळीतली ऊब

माझी मुलगी आता कॉलेजात जाते. ही गोष्ट ती आठ वर्षांची असतानाची. ठाण्यात बाळकुमला आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या विजेच्या मीटरने पेट घेतला आणि जिन्यात धूर भरला. खेळून घरी परतणारी ती दुसऱ्या मजल्यावर वीसेक मिनिटं एकटी अडकली. बाहेर काढली तेव्हा अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. इजा काहीच नाही, असं म्हणून मी तो विषय मिटवून टाकला.

पण संध्याकाळी निरांजन लावलं की ती पलंगाखाली जाऊन बसू लागली. बोलणं आटलं, रात्री अंथरूण ओलं होऊ लागलं. नजर लागली असेल म्हणून आम्ही मीठ-मिरच्या उतरवून तव्यावर जाळल्या. त्या धुराने ती किंचाळत दाराकडे धावली. तरीही मला तो हट्टच वाटला. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

सहा आठवड्यांनी एका मंगळवारी तिला गावदेवीच्या देवळात नेलं. आरतीचं तबक समोर आलं, तसा मी तिचा हात धरून ज्योतीकडे ओढला.

"अरे दादा, ओढतोस कशाला तिला?" शेजारच्या म्हातारीने विचारलं.

"आरती घेत नाही, मावशी. नुसता हट्ट!"

"हट्टाने कोणी असं कापतं होय? सोड तिचा हात."

मी सोडला. मावशींनी स्वतःचे तळवे ज्योतीवर धरले, मग तबकापासून लांब सरकून तिच्यासमोर खाली बसल्या. "देऊ का गो बाय?" एवढंच विचारून थांबल्या. अखेर मुलीने मान डोलावली. मावशींनी ऊबदार तळवे तिच्या गालांना लावले. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, जिन्यात मी खूप हाका मारल्या. तुम्ही आलाच नाहीत."

मी तिथेच बसून रडलो.

पुढे ठाण्याच्या समुपदेशक बाईंनी समजावलं, की आग विझली तरी मुलांच्या शरीरातली भीती विझायला वेळ लागतो. बळजबरीने ती वाढते. मग घरी रोज मी आरती घेऊन विचारायचो, "देऊ का?" कधी हो, बहुतेकदा नाही. जवळपास वर्षाने एका संध्याकाळी तिने आपणहून ज्योतीवर हात धरले.

त्या मावशींना मी पुष्कळ मंगळवार शोधलं. त्या पुन्हा दिसल्या नाहीत. जिथे असतील तिथे त्यांना माझा नमस्कार. मुलीला बरी कर, असं मागायला मी देवीकडे गेलो होतो. देवीने आधी माझी पकड सोडवली.